भावी अलिबागकर

मांडव्याच्या जेट्टीवर शनिवारी सकाळी बोट लागली की पर्यटक उतरतो आणि नाश्ता शोधतो, बंगलेवाला उतरतो आणि आपला ड्रायव्हर शोधतो. आणखी एक असतो, तो काहीच शोधत नाही. तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो, छातीभर श्वास घेतो आणि मागून बॅगा ओढत येणाऱ्या बायकोला म्हणतो, "हवा बघ!" हा भावी अलिबागकर. त्याला कुटुंबकबिल्यासह कायमचं इकडे राहायला यायचंय. कुठल्या गावात, तेवढं ठरायचंय.

हे नाव आमच्या हिनं ठेवलं. निवडणुका जवळ आल्या की चौकाचौकात ‘भावी नगरसेवक’ म्हणून फ्लेक्स लागतात, त्या चालीवर. फरक इतकाच, की ते भावी एकदाचे पडतात आणि विषय मिटतो. हे अर्जच भरत नाहीत, त्यामुळे पडायचा प्रश्न येत नाही.

या जमातीतले लोक पुष्कळ, पण मला जवळून न्याहाळायला मिळाले ते हिचे मावसभाऊ. आम्ही चौलला राहतो, ते ठाण्याला, घोडबंदर रोडवर चौदाव्या मजल्यावर. 2020 साली कंपनीनं घरून काम करायला सांगितलं आणि लॅपटॉप कुठेही उघडतो, हा साक्षात्कार त्यांना झाला. तोवर आमच्याकडे ते मे महिन्यात आंब्यापुरते यायचे. आता जागा बघायला येतात, म्हणजे बाराही महिने येतात, आणि जागा बघायला निघालेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं?

लॅपटॉपवर त्यांनी एक तक्ता केलाय. डावीकडे मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत किनाऱ्यावरची सगळी गावं, वरती शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता, मासे, गुंठ्याचा दर आणि ‘सांस्कृतिक वातावरण’. प्रत्येकाला दहापैकी गुण. सांस्कृतिक वातावरणात अलिबागला सात मिळालेत, कारण एकदा एस.टी. स्टँडजवळ त्यांना नाटकाचं पोस्टर दिसलं होतं. आमच्या चौलला पाच. दत्ताच्या डोंगरावर आमची केवढी जत्रा भरते, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "भावोजी, ते धार्मिकमध्ये जातं," म्हणाले. धार्मिकचा रकाना तक्त्यात नाही.

आजवर एकेक गाव कसं बाद झालं, ते ऐकण्यासारखं आहे. अलिबाग जिल्ह्याचं ठिकाण. कोर्ट, कलेक्टर कचेरी, मोठा दवाखाना, सगळं हाताशी. पण गर्दी फार. घोडबंदर रोडची गर्दी सोडून यायचं ते गर्दीतच राहायला का, असा त्यांचा बिनतोड सवाल. शनिवारी अलिबागेत जी गर्दी असते ती घोडबंदर रोडचीच असते, हे मी बोललो नाही. पाहुणे जेवायला बसले होते. किहीमला आता माणसांपेक्षा कुंपणंच जास्त. मुरूड त्यांना मनापासून आवडलं होतं. "समोर जंजिरा! सिद्दीचा किल्ला शेवटपर्यंत कुणाला घेता आला नाही, इतकी सुरक्षित जागा." यावर वहिनी म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्सला येईल ना घेता?" मुरूडच्या दवाखान्याच्या रकान्यात त्याच रात्री खाडाखोड झाली.

दिवेआगरवरही मन बसलं होतं. 1997 साली तिथे वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला, हे कळल्यावर त्यांनी एजंटाला आधी विचारलं ते पाण्याचं नव्हे, तर जमिनीत काही मिळालं तर ते मालकाचं की सरकारचं, हे.

आणि श्रीवर्धन. 2020च्या मे महिन्यात ते तक्त्यात पहिलं होतं. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणजे नावाजलेला माल. त्या सुपारीच्या आणि माडांच्या वाड्याच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावल्यापासून हाताशी यायला वर्षं जातात, म्हणजे बापानं लावलेलं मुलाच्या डोळ्यांदेखत गेलं. आमच्याकडेही कौलं उडाली, वीज गेली ती किती दिवस आलीच नाही. फोनला कशीबशी रेंज आली तेव्हा पहिला निरोप भावी अलिबागकरांचा होता : ‘सगळे सुखरूप ना? आता दर उतरतील का?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी पाठवलं. दुसऱ्याचं अजून दिलेलं नाही.

एवढ्यानं हा माणूस खचत नाही. खचला असता तर एव्हाना कुठेतरी राहायला गेला असता. गाव पसंत पडत आलं की त्याला एखादा पूल आठवतो. मार्च 2020मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, गाडीसकट तासाभरात इकडे येता येऊ लागलं; तेव्हा म्हणाले, "पावसाळ्यात कशी चालते ते बघू." जानेवारी 2024मध्ये अटल सेतू झाला, "आता रस्त्यानंच बरं, पण वडखळचं काय ते बघू." सध्या रेवस-करंजा पुलावर अडलंय. "तो झाला की झालंच!" या पुलाचं बोलणं अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकू येतंय, म्हणजे 1980च्या सुमारापासून. एवढी भक्कम सबब दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात मिळायची नाही.

कायद्याचंही त्यांना आता चांगलं कळायला लागलंय. सुरुवातीला वाटलं होतं, पैसे मोजले की वाडी आपली. मग कळलं की महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी हवा, नाहीतर कलेक्टरची परवानगी. त्या आठवड्यात मला फोन : "भावोजी, मला शेतकरी करून घ्या ना." जणू आमच्याकडे सभासद-नोंदणी चालू होती. शेतीतलं आजवरचं काम काय, म्हटलं. गॅलरीत कढीपत्ता होता. मग बिगरशेती प्लॉटांचा शोध सुरू झाला, त्यातून सीआरझेड कळलं, भरतीची रेषा कळली, सातबारा वाचायला आला. एका सातबारावर कितीतरी हिस्सेदार निघाले : एक दादरला, एक इंदूरला, एक अमेरिकेत, आणि एकाच्या नावापुढे मयत लिहायचं राहून गेलेलं. त्या संध्याकाळी ते इतके खूश होते, की जागा न मिळाल्याचं कुणाला खरं वाटलं नसतं.

नागावची जागा बघायला मी बरोबर गेलो होतो. एजंट पांढऱ्या शर्टात, मोटरसायकलवर. जाहिरातीत ‘सी-टच’ लिहिलेलं. पाखाडीतून आत, मग आणखी आत, एका विहिरीपाशी थांबलो. चहूकडे माड.

"समुद्र?" भाऊंनी विचारलं.

"भरतीला आवाज येतो ना साहेब."

भाऊंनी लगेच डोळे मिटून कान दिला. आवाज आला तो बाजूच्या वाडीतल्या पंपाचा. तरी ते म्हणाले, "येतोय, येतोय!" आणि होकायंत्र काढून दिवाणखाना पश्चिमेला धरला. पोरगी फोन वर धरून रेंज शोधत वाडीभर फिरत होती. पोरगा गाडीतून उतरलाच नव्हता. त्याला शाळेतल्या मित्रांची धास्ती. इथे आल्यावर ‘अलिबागसे आया है क्या’ म्हणतील. या बोलण्यावर बंदी आणा म्हणून इकडच्या एकानं उच्च न्यायालयात याचिका केली होती, 2019मध्ये ती फेटाळली गेली, हे मी त्याला सांगितलं. "म्हणजे कायदेशीर आहे," तो म्हणाला आणि त्यानं काच वर केली.

वहिनी तोवर कुंपणापलीकडच्या बाईशी बोलत होत्या. घर कसं निवडावं हे त्यांच्याकडून शिकावं. त्यांनी हवा, दिशा, दर यांतलं काही विचारलं नाही. पावसात कपडे कुठे वाळवता? दिवे गेले तर किती वेळ जातात? मिक्सर किती वर्षं टिकतो? पोराला रात्री ताप भरला तर कुठे नेता? मग सहज विचारल्यासारखं, "पाणी आहे का हो?"

"हाय ना! जुलयमदी तर घरात येतं," बाई म्हणाली.

वहिनींनी लोखंडी गेटाच्या बिजागरीवरून बोट फिरवलं, बोटाला आलेला गंज पाहिला, रुमालाला पुसला. त्यांचा निर्णय तिथेच झाला होता. पण त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय त्या सांगत नाहीत.

किहीमला सलीम अलींनी जे पाहिलं ते मला अशा वेळी आठवतं. मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा रद्द झाली, दुसरी नोकरी मिळेना, म्हणून 1930 साली ते बायकोबरोबर किहीमला येऊन राहिले आणि घराजवळ सुगरणींची घरटी बघत बसले. त्यांना दिसलं ते असं : घरटं विणतो नर. एक नाही, एकामागून एक, आणि अर्धवट. मादी येते, आत शिरून तपासते, पटलं तर राहते, मग नर ते पुरं करतो. नाही पटलं तर ते तसंच लोंबकळत राहतं. आमच्या भाऊंची अशी अर्धवट घरटी मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत लोंबकळताहेत. पक्ष्यांच्या नराला निदान मादीचं मत घ्यावं, एवढं तरी कळतं.

परतताना गाडीत मावशी, म्हणजे भाऊंच्या आई, पहिल्यांदा बोलल्या. त्या मूळच्या रेवदंड्याच्या. भाऊ सांगत होते, की आपण वाडी घेऊ, शिंपणं स्वतः करू, आई, तुलाही माहेरचं सुख. मावशी म्हणाल्या, "अरे, हेच शिंपणं जन्मभर काढायला लागू नये म्हणून माझ्या बापानं मला मुंबईला दिली. तिथलं स्थळ आलं तर मुलगा काळा की गोरा तेसुद्धा विचारलं नाही. नळ आहे का, एवढंच विचारलं."

गाडीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग भाऊ म्हणाले, "आता ठिबक आहे, आई."

मावशींचं म्हणणं मला पटतं. या किनाऱ्यावरून जे गेले आणि इथे जे आले, त्यांना निवड करत बसायला वेळ होता कुठे? श्रीवर्धनचा बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचानं गाव सोडून वर घाटावर गेला आणि 1713 साली पेशवा झाला. तक्ता करत बसला असता तर वतनाचे कागदच सांभाळत राहिला असता. अलिबागची चुंबकीय वेधशाळा इथे आली तीही नाइलाजानं. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार होत्या, कुलाब्याची नाजूक उपकरणं बिघडली असती, म्हणून 1904 साली तिला इकडे हलवलं. ही गोष्ट मी भाऊंना मोठ्या आशेनं सांगितली. त्यांनी त्यातलं नेमकं उचललं : 1904 ते 1906 दोन्हीकडे सोबतच मोजमापं चालू ठेवली होती आणि मगच कुलाब्याची थांबवली. "बघा! सरकारनंसुद्धा घाई केली नाही."

इथल्या ज्यूंचं, म्हणजे बेने इस्रायलांचं, मात्र मी त्यांना मुद्दाम सांगितलं. नवगावच्या किनाऱ्याला आपले पूर्वज लागले असं ते मानतात. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. (आता शनिवारी आमचं सगळ्यांचंच काम बंद पडतं, कारण वेगळं.) पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिले, तेव्हा कुठे कुणी किहीमकर झालं, कुणी चौलकर, कुणी दिवेकर. 1948नंतर त्यातले बहुतेक इस्रायलला गेले आणि गावाचं नाव आडनावात घेऊन गेले. आमच्या भाऊंनी नाव आधी घेतलंय. घराची पाटीसुद्धा कोरून तयार आहे, सागवानी, ‘गाज’. ती ठाण्याला कपाटावर कागदात गुंडाळून ठेवली आहे आणि दर दिवाळीला तिला पॉलिश होतं.

जानेवारीत ते पोपटीला हमखास येतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी. मडकं उपडं, भोवती आग. भाऊ शेकोटीशी बसतात, बोटांना चटका बसेपर्यंत शेंगा सोलतात आणि न चुकता म्हणतात, "तुम्ही इथले लोक भाग्यवान, भावोजी." हे ते मनापासून म्हणतात, म्हणूनच त्यांचा राग येत नाही. इथे येऊन राहिले तर त्यांच्या हातात काय उरेल, असंही मनात येतं. इथला माणूस मीटरचं रीडिंग, विहिरीतलं मचूळ पाणी आणि तलाठ्याची वेळ यांत सकाळ घालवतो. शनिवारी मांडव्याला उतरून छातीभर श्वास घ्यायला त्याला फुरसत नसते.

तेव्हा तमाम भावी अलिबागकरांना, म्हणजे अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या सगळ्या भावी मंडळींना, विनंती. जागा बघायला जरूर या. फक्त एक फेरी जुलैत करा, गेटवेच्या लाँचा बंद असताना, दिवे गेलेल्या रात्री. बायकोला बरोबर आणा आणि तिला आधी विचारा. आईला पुढच्या सीटवर बसवा. आणि जेवायला यायचं असेल तर शुक्रवारी सकाळीच कळवा. शनिवारी आमच्याकडे धड सुरमई मिळत नाही. ती सगळी तुमच्या हॉटेलांत गेलेली असते.