भाग आधीच पाडलेत, तुम्ही फक्त रंगवा

अपूर्णांक शिकवायची एक सर्वमान्य रीत आहे. फळ्यावर वर्तुळ काढायचं, त्याचे चार समान भाग करायचे. हे भाग पुस्तकानं किंवा गुरुजींनी आधीच पाडलेले असतात. पोरानं त्यातला एक रंगवायचा आणि शेजारी लिहायचं, एक छेद चार. पोरं हौसेनं रंगवतात, रेघेबाहेर जातात, पण उत्तर बरोबर येतं. ‘संकल्पना स्पष्ट झाली’ असा शेरा टाचणवहीत पडतो आणि वर्ग पुढच्या घटकाकडे वळतो.

आता त्याच पोराच्या हातात भाकरी द्या आणि म्हणा, तिघांत सारखी वाट. निम्मी सोपी, चतकोरही सोपा. तीन म्हटलं की पोर थबकतं. गणित तिथं सुरू होतं आणि आपला पाठ नेमका त्याआधी संपलेला असतो. समान भाग पाडणं हेच अवघड काम. ते आपण करून ठेवतो आणि पोराला रंगारी म्हणून कामाला लावतो.

शाळेबाहेर, जालना जिल्ह्यातल्या बदनापूर तालुक्यात, भाग पाडणाऱ्यांची कधी कमतरता नव्हती. समजा, आई-वडिलांच्या माघारी सात-बाऱ्यावर एक हेक्टर वीस आर जमीन राहिली. वारस दोन भाऊ आणि एक बहीण. गणित सोपं आहे, प्रत्येकी चाळीस आर. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये. पण मग येतं हक्कसोडपत्र. बहीण अंगठा उठवते नाहीतर सही करते, छेद तिनाचा दोन होतो आणि भावांच्या पदरात साठ-साठ आर पडतात. छेद लहान केला की वाटा मोठा होतो, हा नियम पुस्तकात बराच उशिरा येतो. भावांना तो न शिकवता येतो. बहिणीला साडी-चोळी मिळते. तिच्या चाळीस आरांचे वीस-वीस कुठे गेले, हे विचारायला तिला कुणी शिकवलेलं नसतं. तिनं शाळेत छान रंगवलं होतं.

मापनाचीही तीच तऱ्हा. पट्टी शून्यावर ठेवा, पेन्सिल तिच्याशेजारी ठेवा, टोक जिथं येईल तो आकडा वाचा. हे मोजणं झालं का? हे तर आकडा वाचणं झालं. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या पाहणीत चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना हेच विचारलं होतं. वस्तू शून्यापासून ठेवली तेव्हा सुमारे ८५ टक्क्यांना लांबी सांगता आली. तीच वस्तू पट्टीवर जरा पुढे सरकवली आणि आकडा ३९ टक्क्यांवर आला. म्हणजे ज्यांना पट्टी येत होती, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना ती शून्यापुरतीच येत होती. आणि ही काही तिसरीची पोरं नव्हती. यातल्या मोठ्यांना मतदानाचा हक्क मिळालेला होता.

शेताच्या बांधावर शून्य कुणी छापून ठेवलेलं नसतं. टेप कुठून धरायचा यावरच तर भांडण असतं. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेला, तेव्हा दशांश चिन्हाला काय मोल असतं ते घरोघरी कळलं. पुस्तकात शतांश स्थान बिचारं कोपऱ्यात उभं असतं. सात-बाऱ्यावर मात्र शून्य पूर्णांक शून्य एक हेक्टर म्हणजे एक आर, आणि एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा. दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या घरात अख्खा गुंठा बसतो, त्यावर घर बांधता येतं. पण ‘०.१ मोठं की ०.०९?’ असं विचारलं की नऊ मोठे असं सांगणारी पोरं आपण पाचवीतून सहावीत ढकलतो. पुढे भरपाईच्या कागदावर सही त्यांनाच करायची असते.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, १०८९ चौरस फूट. बहुतेक शाळांच्या मैदानात एवढा चौरस मावतो. चार खुंट्या, एक दोरी आणि अर्धा तास, एवढ्यात पोरं गुंठ्यात उभी राहू शकतात. ती राहत नाहीत, कारण क्षेत्रफळाचं सूत्र फळ्यावर दोन मिनिटांत होतं आणि मैदानावर ऊन असतं.

भूमितीत तर आकृत्यांनासुद्धा शिस्त लावलेली आहे. पुस्तकातला त्रिकोण कायम पायावर नीट बसलेला. चौरस जरा तिरका केला की निम्मा वर्ग म्हणतो, हा चौरस नाही, पत्त्यातली चौकट आहे. कंपासपेटीतला गुण्या वर्षभर कोरा राहतो, कर्कटक बाकावर नाव कोरायला उपयोगी पडतं. शाळेची नवी खोली बांधणारा गवंडी तोच गुण्या लावून भिंत तपासतो. पाया आखताना एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजतो, तिरकं अंतर पाच फूट आलं की म्हणतो, ‘बसलं गुण्यात.’ खिडकीच्या आत पोरं काटकोनाची व्याख्या तिसऱ्यांदा लिहितात. खिडकीच्या बाहेर काटकोन उभा राहत असतो. खिडकी बंद, कारण धूळ येते.

इथं कुणीतरी ज्येष्ठ हमखास उसासा टाकतात. ‘आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं तोंडपाठ होतं!’ होतं, खरंच होतं. मापांची कोष्टकंही होती. ‘कोळव्याची दोन चिपटं’ असं पुरतं म्हणायच्या आधीच शेजारचा सांगायचा, उलटं झालं. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. निम्म्याचं निम्मं करत जाणारं ते सुंदर गणित होतं, यात वाद नाही. पण पाढे ज्यांना चोख पाठ होते, बहुधा माप आणि खातेवही त्यांच्याच हातात असायची. पायली भरून देताना शीग किती ठेवायची आणि घेताना किती, हे कुठल्याच पाढ्यात नव्हतं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्यामागून किलो आणि लिटर आले, मापटी-चिपटी अडगळीत गेली. ज्याच्या हाती माप त्याच्या हाती न्याय, हे मात्र तसंच राहिलं. तेव्हा पाठांतर परत आणा ही मागणी ठीक, पण मापही पोरांच्या हातात द्या, ही मागणी त्या उसाशात कधी ऐकू येत नाही.

आता दुपारच्या सुट्टीत चला. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला दीडशे, तीस, पंचाहत्तर. म्हणजे तिन्ही ठिकाणी दीडपट. दिडकीचा पाढा रोज शाळेच्या आवारात शिजतो. तांदळाला डाळीचं प्रमाण पाचास एक, तेही दोन्ही गटांत तेच. प्रमाण, गुणाकार, ग्रॅमचे किलो, हजेरीवरून अंदाज, सगळा अभ्यासक्रम एका पातेल्यात. पण वजनकाटा कुलपात, हिशोब शिक्षकांच्या मोबाइलमध्ये आणि पोरं ताट घेऊन रांगेत. बीडीएन ७११, बीडीएन ७१६ असे तुरीचे वाण देणारं कृषी संशोधन केंद्र ज्या बदनापुरात आहे, तिथल्या पोराला आपल्या ताटात डाळ किती पडायला हवी हे ठाऊक नसतं. ठाऊक झालं तर ते मोजेल. मोजलं तर बोलेल. कुलूप बरं.

राहिली माहिती, म्हणजे हल्लीचा डेटा. पुस्तकात चित्रालेख असतो. एक चित्र म्हणजे दहा आंबे, तर साडेतीन चित्रं म्हणजे किती? आंबे कुणी मोजले, कशासाठी मोजले, हे पोरानं विचारायचं नाही. तक्ता तयार आहे, उत्तर द्या. इकडे दर मे-जूनमध्ये घरातच त्याहून सरस प्रयोग होतो. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि काही दिवसांनी मोड आलेले मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं पेरणीजोगं, कमी उगवले तर पेरताना बियाणं वाढवायचं नाहीतर बदलायचं. नमुना, मोजणी, टक्केवारी, निर्णय, सगळं एका गोणपाटात. हा प्रयोग करणाऱ्या बापाचा पोरगा शाळेत टक्केवारीला घाबरतो.

आणि अशाच आकड्यांवर घर चालतं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर महसूल मंडळात अतिवृष्टी. ६४ झाला तर नुसता पाऊस, पीक आडवं झालं तरी. नुकसान ३३ टक्के असेल तर मदत, ३२ असेल तर सहानुभूती. एक-तृतीयांश पीक गेलेला शेतकरी पात्र की अपात्र? पाचवीच्या परीक्षेत हा प्रश्न का नसावा? एका आकड्यानं कुणाचं वर्ष बदलतं हे कळलं, तर दशांश शिकवायला रंगीत खडू लागणार नाहीत.

गंमत म्हणजे शाळेत डेटाचा तुटवडा मुळीच नाही. शिक्षक सकाळपासून डेटाच भरत असतो. हजेरी, आहार, यू-डायस, कुठल्याशा अभियानाचे फोटो, कुठल्याशा पंधरवड्याची लिंक. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला तेव्हा शाळाच्या शाळा शंभर टक्के प्रगत होऊ लागल्या. शंभर टक्के हा आकडा आपल्याला फार आवडतो, त्यात छेदाची कटकट नसते. वरच्या कार्यालयानंही तक्ता आधीच आखून पाठवलेला असतो. रकाने त्यांचे, आकडे तुमचे. म्हणजे पोरगं जे वर्तुळात करतं तेच गुरुजी पोर्टलवर करतात. भाग पाडलेलेच आहेत, रंगवा.

उपाय इतका स्वस्त आहे की त्याची निविदा निघणार नाही, म्हणूनच तो होणार नाही. वर्तुळ अखंड द्या, पाच भाग पोरांना पाडू द्या. चुकू द्या, भांडू द्या, ‘तुझा तुकडा मोठा’ म्हणू द्या. समान भागाची व्याख्या त्या भांडणातून निघते. सुरुवातीचे तीन सेंटिमीटर मोडलेली पट्टी फेकू नका, तीच मुद्दाम वापरा. खिचडीचा काटा आठवड्यातून एकदा पाचवीच्या ताब्यात द्या. चित्रालेखाआधी रकानाच पोरांना ठरवू द्या.

यात धोका आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अशी शिकलेली एखादी पोरगी वीस वर्षांनी हक्कसोडपत्र समोर आल्यावर पेन खाली ठेवेल आणि विचारेल, ‘वारस तीन, मग छेदात दोन कसे?’ त्या दिवशी गावात एकमतानं ठरेल की हल्ली शाळेत काहीही शिकवतात. तिच्या गुरुजींच्या बदलीसाठी अर्ज जाईल. त्यावर किती सह्या, त्यातल्या भावांच्या किती आणि बहिणींच्या किती, याचा तक्ता मात्र कुणी जोडणार नाही.