पाळकसाहेबांचा मुक्काम

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मुलुखात फिरतीवर असणारा ख्रिस्ती पाळक उपदेश कसा करतो याची चर्चा करणारे पुष्कळ भेटतात. परंतु तो जेवतो कसा याची नोंद गृहिणींच्या दप्तरी असते, आणि त्याची खरी योग्यता तेथेच ठरते. प्रवचन रविवारी संपते. 'पाळकसाहेबांनी दुसरी भाकरी घेतली नाही' ही तक्रार पुढच्या नाताळापर्यंत चालते.

आमचे पाळकसाहेब या कसोटीस पुरेपूर उतरले आहेत. त्यांची सनद म्हणजे लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय. सत्तर शिष्यांना गावोगाव धाडताना प्रभूने थैली, झोळी आणि वहाणा यांची मनाई केली, घरे बदलत फिरू नका असे बजावले, आणि पुढे वाढतील ते खाण्याची आज्ञा दिली. न्हावऱ्याच्या वाटेवरील काटे पाहता वहाणांची मनाई त्यांना पाळवत नाही. शेवटच्या आज्ञेत मात्र त्यांनी आजवर कसूर केलेली नाही.

घोडनदीच्या कोरडवाहू पट्ट्यात ही आज्ञा बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा या रूपांनी पुढे येते. पाळकसाहेब आरंभी अर्धीच भाकरी घेतात. कारण घरधनिणीचे समाधान पहिल्या वाढपात नसून आग्रहानंतरच्या वाढपात असते, आणि त्या आग्रहासाठी पोटात जागा राखणे हे पाहुण्याचे कर्तव्य होय. एकदा 'नको' म्हणणे ही रीत आणि तिसऱ्यांदा म्हणणे हा अपमान, हा हिशेब त्यांना मुखोद्गत आहे. एकादशीस एखाद्या वारकऱ्याच्या ओसरीवर साबुदाण्याची खिचडी पुढे आली, तरी उपवास न करता उपवासाचा फराळ ते निःसंकोच करतात. (असे करणारे तालुक्यात ते एकटेच नव्हेत.)

त्यांच्या सत्यनिष्ठेला एकदाच बाध आला, तोही कोंबडीपायी. एका विधवा आक्कांच्या घरी एकुलती एक अंड्यावरची कोंबडी होती, आणि पाळकसाहेबांची सायकल वेशीत दिसताच तिच्या जिवावर बेतणार हे उघड होते. म्हणून त्यांनी आपल्याला कोंबडी बाधते असे जाहीर करून पिठल्यावर समाधान मानले. दुर्दैवाने आक्कांचा भाचा दौंडास रेल्वेत नोकरीला होता, आणि तेथे पाळकसाहेबांनी कोंबडीचा रस्सा दोनदा मागून घेतल्याची वर्दी त्याने यथासांग पोचवली. पुढच्या खेपेस पाळकसाहेब दारात उभे राहण्यापूर्वीच कोंबडी चुलीवर चढली होती. "सलाम, पाळकसाहेब. दौंडात पचती, अन् आमच्याच घरी बाधती व्हय?" एवढेच आक्का म्हणाल्या. पाळकसाहेबांनी मान खाली घालून रस्सा ओरपला, वर मिठाचीही प्रशंसा केली. दया दाखवण्याचा अधिकार पाहुण्याला नसतो, हे आक्कांनी त्यांना जितक्या थोडक्यात शिकवले, तितक्या थोडक्यात त्यांचे स्वतःचे प्रवचन आजवर कधी आटोपलेले नाही.

पाहुणचार स्वीकारण्याच्या बाबतीत त्यांना हेवा वाटतो तो कर्नल वॉलेसचा. शिरूरच्या छावणीतील हा साहेब 1809 साली वारला. 'सत्पुरुष' म्हणून लोक त्याच्या समाधीला मानू लागले, आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य तेथे येऊ लागला. येईल ते त्याने कधी नाकारले नाही, आणि दुसऱ्या वाढपाचा प्रश्नही त्याच्यापुढे उभा राहिला नाही.

दौंडकडे जाताना वाटेत केडगाव लागते. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपासमारीने गांजलेल्या मुली आणून जेथे सांभाळल्या, त्या मुक्तिसदनात पाळकसाहेब निराळेच दिसतात: पंगतीत गुपचूप बसतात, ताट स्वतः उचलतात, स्तुती आवरती घेतात. जेथे इतकी ताटे रोज वाढायची असतात, तेथे आग्रहाची वाट पाहणे हा उद्दामपणा होय, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

मनमाडचा लोहमार्ग 1878 साली सुरू झाल्यापासून दौंड हे जंक्शनचे गाव. तेथील रेल्वे वसाहतीत जेवणाची वेळ भूक ठरवीत नाही, ड्यूटी ठरवते. गार्डसाहेब रात्रपाळीवरून परतले की पहाटे पाचला मटण पानात पडते. त्याला यजमान रात्रीचे जेवण समजतात आणि पाळकसाहेब न्याहारी. प्रार्थना दोन्हींसाठी एकच पुरते.

त्यांच्या हाताखाली आलेला एक तरुण प्रचारक मात्र 'आपल्याला उगाच त्रास' असे म्हणत घरोघर केवळ पाणी पिऊन उठे. तो फार सुशील होता, आणि त्याला दुसऱ्यांदा कोणी बोलावले नाही.

वाचकांपैकी कोणाच्या भिंतीला पाळकसाहेबांची सायकल टेकलेली दिसली, तर 'काय घेणार?' असे कृपया विचारू नये. घरातल्या डब्यांचा अंदाज घेऊन ते असेल त्याहून कमीच मागतील. सरळ वाढावे. कारले तेवढे टाळता आले तर टाळावे. ते खातील, आणि दुसऱ्यांदाही घेतील.