टॉमीचं अभ्यंगस्नान

रविवारी कुत्र्याला आंघोळ घालायची ठरली की घरातल्या प्रत्येकाला बाहेरची कामं आठवतात. 'कुत्रा हवाच' म्हणून जेवणावर रुसलेले चिरंजीव सर्वांत आधी क्लासला पळतात. उरते ती त्यांची आई, एक बादली, एक मग आणि पलंगाखाली दडलेला लॅब्रॅडॉर. रस्त्यावरच्या डबक्यात मात्र हाच प्राणी न बोलावता लोळतो.

त्याचा शाम्पू वेगळा. माणसाच्या त्वचेचा सामू साधारण ५.५, कुत्र्याचा ७च्या आसपास; आपला शाम्पू त्याला बाधतो. शास्त्र आहे, मान्य. आजोबा अजून कपड्याच्या वडीवर भागवतात, त्यांचा सामू कुणी विचारलेला नाही.

कानात कापसाचे बोळे, कोमट पाणी, पोटाखालचा फेस नीट धुणं, सगळं यथासांग होतं. मग टॉमी अंग झाडतो. ओली जनावरं अशी काही सेकंदांत अंगावरचं ७० टक्के पाणी उडवतात, असं अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी मोजलंय. ते नेमकं कुठे जातं, हे आमच्याकडे विचारायचं: गीझर, आरसा, वाळत घातलेला युनिफॉर्म. पाणी टँकरचं असल्यामुळे उरलेला हिशेब सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात.