टॉवेलाची खोली

31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत माणसाने काहीही ठरवू नये. बाहेर थंडी, आत दाटीवाटीने बसल्याची ऊब, काटे बाराकडे सरकताहेत आणि पाळकसाहेब विचारतात, "नव्या वर्षी प्रभूला रोज किती वेळ देणार?" माझ्या तोंडून निघून गेलं, "पहाटे अर्धा तास." तेही बायकोच्या ऐकण्यात.

मी हिशेबी माणूस. स्तोत्रं 150. रोज एक धरलं की 30 मेला पुस्तक हातावेगळं. कॅलेंडरवर तसे आकडे टाकले आणि मग पुढचं चाळून पाहिलं. 117वं स्तोत्र दोन ओव्यांचं. 119वं 176 ओव्यांचं! हिब्रू मुळाक्षरं 22 आणि प्रत्येकाला आठ ओव्या. कवीने एकाही अक्षराला माफी दिलेली नाही. 29 एप्रिलवर मी लाल पेनाने 'रजा' लिहून ठेवलं.

तितकी वेळ आलीच नाही. दुसऱ्या आठवड्यातच गजर मला उठवायचा आणि मी त्याला झोपवायचो. उशीर झाला की 117वं. त्या आठवड्यात ते पाच वेळा झालं.

उठलो तरी मन कुठे जागेवर? बहिणीच्या गुडघ्यासाठी प्रार्थना सुरू करावी, तर गुडघ्यावरून डॉक्टर, डॉक्टरवरून फी, फीवरून मेहुण्यांनी दिवाळीत नेलेले दोन हजार. मग प्रार्थना मेहुण्यांसाठी होते, पण तिचा सूर बदललेला असतो.

आणि जागेचं काय? मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूचं सांगणं आहे की खोलीत जाऊन दार लावून घ्यावं. आमचं घर वन बीएचके. बेडरूममध्ये ही झोपलेली, हॉलमध्ये चिरंजीव, स्वयंपाकघराला दारच नाही. कडी लागणारी रिकामी खोली एकच. तिथे एकदा प्रयत्न केला. तिसऱ्या मिनिटाला बाहेरून आवाज आला, "बाबा, अजून किती वेळ?"

नगरला आजीचं घर तर दीड खोलीचं. चुलीपुढे ना. वा. टिळकांची भजनं म्हणत ती भाकरी थापायची आणि तवा उतरला की डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायची. झाली खोली! त्या पदराला हात लावायची आमची टाप नव्हती. कोणाला पडून लागलं असलं, तरी रडणं आमेननंतर. पुढे एका प्रवचनात ऐकलं की वेस्ली बंधूंची आई सुझॅना हिला 19 मुलं झाली, आणि घरातल्या गलक्यात ती ॲप्रन डोक्यावर घेऊन प्रार्थना करायची म्हणतात. म्हणजे इंग्लंडात ॲप्रन, नगरात पदर. पुरुषांची सोय कोणी केलेलीच दिसत नाही.

मी टॉवेल घेतला. पहाटे सहाला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचं, कोपरं ओट्यावर, डोक्यावर टॉवेल, बाजूला चहाचं आधण. आत जरा ओलसर वास यायचा, पण अंधार उत्तम. चार दिवस सलग जमलं. मेहुणेसुद्धा फारसे आठवले नाहीत.

पाचव्या दिवशी बेल वाजली. दारात समोरच्या काकू, हातात फडक्याने धरलेलं वाफाळतं पातेलं.

"अहो, केवढी सर्दी झालीय तुम्हाला! आमच्या खिडकीतून रोज बघतेय, बिचारे पहाटे उठून वाफ घेताहेत. अडुळशाचा काढा आहे. गरम आहे तोवर घ्या."

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण पातेलं हातात आलं होतं, काकूंच्या डोळ्यांत माया होती आणि मी म्हणालो, "हो ना, जरा…" मागे फ्रिजच्या आडून हिचं फिस्सकन हसणं ऐकू आलं. दानीएलाने खिडक्या उघड्या ठेवून प्रार्थना केली, त्याच्या वाट्याला सिंह आले. त्यांनी निदान त्याला तोंड तरी लावलं नाही. हा काढा मला तोंड लावून संपवावा लागतो, कारण काकू पातेलं परत घेऊनच जातात.

आता रोज सव्वासहाला काढा येतो. तो यायचा म्हणजे सहाला मी टॉवेलखाली असायलाच हवं, त्यामुळे गजर एका हाकेत ऐकतो. काय मागायचं हाही प्रश्न उरलेला नाही. आधी त्या 'हो ना'ची क्षमा मागतो. कालचं खोकणं आठवून त्याचीही मागतो. मग बहिणीचा गुडघा घेतो, तेवढ्यात बेल वाजते. आमेन म्हणून टॉवेल खांद्यावर टाकतो, दाराशी जातो आणि कडी काढण्यापूर्वी जरासा खोकतो.