लावणाऱ्याची थोरवी

बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला जुगारापासून परावृत्त करायला निघालेल्या सज्जनांनी मृगाच्या तोंडावर एखाद्या कृषिकेंद्रात तासभर उभं राहावं. घाटाखालचा शेतकरी उधारीवर बियाण्याच्या पिशव्या उचलत असतो. पाऊस कधी येईल ठाऊक नाही, भाव काय लागेल ठाऊक नाही, तरी गडी डाव लावतो. अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत ऐकायला शेतकरी आणि व्यापारी दोघंही हजर असतात. अशा माणसाला 'नशिबावर विसंबू नकोस' म्हणणं म्हणजे धंदा बंद कर म्हणण्यासारखंच.

आणि मटका तरी परका कुठे आहे? तो कापसावरच वाढला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते-बंद भाव तारेनं मुंबईला यायचे, त्यावर पैसे लागायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' ही त्याच भावांची देणगी. पुढे ते भाव बंद झाले आणि आकडा मडक्यातून निघू लागला. खामगावात कापूस विकून जे हाती लागलं नाही, ते कापसाच्या आकड्यावर लागेल, ही आशा तशी तर्कशुद्धच आहे.

सरकारचं धोरणही स्वच्छ आहे. पोळ्याला लिंबाखाली चौघं बसले की 1887 चा कायदा लागतो. दुसऱ्या दिवशी पेपरात 'एक्का-बादशाह' खेळणाऱ्यांवर धाड; मुद्देमाल: पत्त्यांचा कॅट, थोडी रोकड आणि ज्यांवर बसून मंडळी आली त्या दुचाकी. 1969 पासून चालणारी राज्याची लॉटरी मात्र महसूल. रमी कौशल्याची, हे सर्वोच्च न्यायालयानं 1968 मध्येच सांगितलेलं. ते कौशल्य मोबाइलवर आलं आणि ऑक्टोबर 2023 पासून लावलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी बसला. म्हणजे हरायच्या आधीच देशसेवा! अशा आगाऊ करदात्याला बायको पोत गहाण ठेवू देत नाही, याला काय म्हणावं?

जुलै 2025 मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, जाहिरात बंद करत होतो, असं ते म्हणाले. महिना संपता संपता त्यांच्याकडचं कृषी खातं जाऊन क्रीडा खातं आलं. गुणांची इतकी तत्पर कदर आपल्याकडे क्वचितच होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले. पोरांचं आता कसं होणार, ही काळजी चार दिवस टिकली. शेअर बाजारातले ऑप्शन आहेतच, तेही कायदेशीर. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर, हे खुद्द सेबीनं मोजलंय. (मटकेवाल्यानं असा हिशेब कधी जाहीर केला होता का?) चिखलीच्या एका टपरीवर ट्रॅक्टरचा हप्ता घेऊन बसलेला पोरगा मोबाइलवरची नजर न हटवता म्हणतो, "भाऊ, नाद नाही लागला मले. मागचं तेवढं कव्हर करू द्या, मंग बंद." चहावर साय धरलेली. मंगळवार, एक्सपायरीचा दिवस. मागचं कव्हर करणं ही त्याची नोकरी आहे, आणि या जिल्ह्यात तेवढी नियमित नोकरी दुसरी कोण देतं?

जागतिक आरोग्य संघटनेनं जुगाराच्या व्यसनाला आजारांच्या यादीत बसवलंय, म्हणून जनजागृतीही हवीच. टेलि-मानसचा 14416 हा नंबर फुकट लागतो, मनाचा ताण असो की व्यसन, तिथं बोलता येतं. मी तो कागदावर लिहून एका जुन्या, अनुभवी लावणाऱ्याला दिला. त्यानं चष्मा वर केला, ओठ हलवले. "144 ची पत्ती, ओपन नव्वा. राहिले 16, क्लोज सत्ता. जोडी 97." कागद घडी करून खिशात घातला आणि माझे आभार मानले.