अठ्ठ्याहत्तरचे वीर

बोस्टनच्या उपनगरात घर घेतलं की शेजारी एक अठ्ठ्याहत्तरचा वीर मिळतोच. दलाल तो वेगळा दाखवत नाही, एवढंच. १९७८च्या फेब्रुवारीत, ६ आणि ७ तारखेला, इथे प्रचंड हिमवादळ झालं. शहरात २७ इंच बर्फ पडला, हमरस्त्यांवर हजारो गाड्या अडकल्या, आणि गव्हर्नर डुकाकिस स्वेटर घालून टीव्हीवर येत राहिले. शाळा बंद, वाहनांना बंदी, आईबाप फावड्यांत गुंतलेले. त्या आठवड्यात जो दहा-बारा वर्षांचा होता, तो अजून टेकडीवरून खाली उतरलेला नाही.

त्याच्याकडे बर्फाचा विषय काढू नये. काढलाच, तर कॉफी मोठ्या मगात घ्यावी.

त्याच्या गोष्टीतली स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ही फ्लेक्झिबल फ्लायर: लाकडी फळ्या, खाली पोलादी पट्ट्या, पुढे वळवायची आडवी दांडी. फिलाडेल्फियाच्या एका शेतीअवजारांच्या कारखानदाराने १८८९ साली तिचं पेटंट घेतलं. वळवायची सोय त्याने केली, थांबवायची राहून गेली. त्यात ही पोरं पट्ट्यांना मेणबत्ती घासत. मग पालथं पडायचं, डोकं पुढे, आणि सुटायचं. स्लेज नसली तर खानावळीतला ट्रे, ट्रकची ट्यूब, पार गंजक्या मोटारीचं बॉनेटसुद्धा चाले. बुटात पाणी जाऊ नये म्हणून पायांना पावाच्या रिकाम्या पिशव्या. हेल्मेट? ‘‘तेव्हा डोकी पक्की होती,’’ असं म्हणून तो पुढचे दोन दात काढून दाखवतो.

टेकडीचा कंटाळा आला की चौकात थांबलेल्या मोटारीचा मागचा बंपर धरून उकिडवं बसायचं आणि गाडी नेईल तिकडे घसरत जायचं. ड्रायव्हरला पत्ता नसे. एकदा तर ड्रायव्हर त्याचे वडीलच निघाले.

मी सांगलीचा. आयर्विन पुलावरून कृष्णेच्या पुरात उड्या घेतलेल्या काकांमध्ये वाढलेला. त्यामुळे हा माणूस मला पहिल्या दिवशीच घरचा वाटला. काकांचा पूर दरवर्षी फुगायचा, याचा उतार दरवर्षी उभा होत जातो.

हाच वीर नातवाला टेकडीवर नेतो तेव्हा मात्र बघावं. पोराला हेल्मेट, गॉगल, कोपरांना गाद्या. आजोबा आधी स्वतः उतार चालून येतात, झाडं न्याहाळतात, आणि शेवटी अशी जागा निवडतात की पोराला अर्ध्या वाटेत ढकलावं लागतं.

या जमातीला एकच शत्रू असतो: थोरली बहीण. ख्रिसमसच्या जेवणाला ती येते, गोष्ट ऐन वळणावर पोचेपर्यंत मुकाट्याने बटाटे खाते आणि मग म्हणते, ‘‘दांडी माझ्या हातात होती. तू मागे माझ्या कोटात तोंड खुपसून आईला हाका मारत होतास.’’

वीर उठतो, शेकोटीत एक लाकूड सरकवतो.

‘‘मागे वजन लागतं,’’ तो सांगतो. ‘‘नाहीतर वळताना उलटली असती.’’