घरबसल्या मार्शल

इलेक्ट्रिक गिटार आणि ऑडिओ इंटरफेस घेतलात, अभिनंदन. आता गिटार भिंतीला टेकवून ठेवा, काही आठवडे तिचं काम नाही. आधी ॲम्पची नक्कल करणारी प्लगिन्स उतरवायची आहेत: गिटार रिग, ॲम्प्लिट्यूब, न्यूरल ॲम्प मॉडेलर, जे जे फुकट किंवा ट्रायलवर मिळेल ते सगळं. ती ज्यात चालवायची त्या रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचे चाचणीचे ६० दिवस एकही सूर न वाजवता संपले तरी बिचकू नका. ते नंतरही उघडतं, फक्त दर वेळी पैसे भरायची आठवण करून देतं.

मग वायर जोडा. इंटरफेसवर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झेड' असं बटण असेल, ते दाबायचं असतं. न दाबल्यास आवाज गोधडीखालून आल्यासारखा येईल आणि तुम्ही ॲम्पला नावं ठेवत नवं प्लगिन शोधायला मोकळे.

तार छेडली आणि आवाज रेंगाळत आला? बफर १०२४ सॅम्पलवर असेल. ४८ किलोहर्ट्झला म्हणजे एकवीसेक मिलिसेकंद, तेही नुसत्या जाण्याचे, येण्याचे वेगळे. १२८ वर आणलात की तेच २.७ होतात. खरा ॲम्प मीटरभर लांब ठेवला तरी त्याचा आवाज कानाशी यायला तीनेक मिलिसेकंद लागतातच, त्यामुळे यापुढे ताल चुकला तर लॅपटॉपवर ढकलता येणार नाही. विंडोजवाल्यांनी एएसआयओ ड्रायव्हर टाकावा. इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर बंद करावं, नाहीतर कोरडी गिटार आणि ॲम्प दोन्ही एकदम ऐकू येतात.

आता गेन दहावर न्या. सगळेच नेतात. तारांबरोबर घरातली ५० हर्ट्झची वीजही गुणगुणू लागेल, आणि जुन्या इमारतीत अर्थिंगच्या नावाने शंख असेल तर विचारूच नका. नॉइज गेट लावा. तो गुणगुण कापतो आणि लांबवलेल्या सुराचं शेपूटही. चार्जर काढून पाहणं आणि गेन निम्म्यावर आणणं हे उपाय फुकट असल्यामुळे कोणी करत नाही.

खरी गोम कॅबिनेटमध्ये, म्हणजे स्पीकरच्या पेटीत आहे. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकवतच नाही. प्लगिनमधलं कॅबिनेट बंद ठेवलंत की ॲम्पची ती सगळी चिरचिर थेट कानात. म्हणून आयआर फाइल लागते, म्हणजे माइकने टिपलेला कॅबिनेटचा ठसा. एसएम ५७ माइक स्पीकरच्या मध्यावर धरला तर आवाज धारदार, कडेला सरकवला तर मऊ. हा फरक अगदी खरा आहे. पण शंभर फाइली उतरवून पहाटेपर्यंत त्या ऐकत बसलात तर तो कळेनासा होतो. दोन ठेवा, बाकीच्या उडवा.

एवढं झालं की रात्री हेडफोन लावून मनसोक्त वाजवा. फक्त घरच्यांना ॲम्प ऐकू येत नाही, नुसत्या तारांची टणटण ऐकू येते, आणि तीही दोन तास एकाच रिफची.